ड्रॉइंगच्या पेपरची सकाळ

बाबा,

आपला मळा आता राहिला नाही. रिसोडच्या रस्त्याचा तो सगळा पट्टा प्लॉटांत गेला, विहीर बुजवली, आणि जिथे तुम्ही वांग्याचे वाफे काढायचे तिथे कोणाचं तरी दुमजली घर आहे. मी धाकट्या भावाकडे राहते, वाशिमातच. तुम्ही गेलात तेव्हा जेवढे होतात त्यापेक्षा मी आता मोठी झाले आहे. बापापेक्षा म्हातारं होऊन बापाला काय लिहायचं असतं, मला कळत नाही. तरी लिहिते. तुमच्याशी बोलायचं राहिलं ते एकाच सकाळीबद्दल, आणि ती सकाळ पाहिलेलं दुसरं माणूस आता उरलेलं नाही.

सुरुवात तुम्हीच केली होती. दुष्काळाचं साल नुकतंच सरलं होतं. बांधकाम खात्याच्या एका साहेबाच्या घरी तुम्ही भाजी द्यायला जायचे. एके दिवशी त्यांच्या ओसरीत निळा कागद पसरलेला पाहून आलात आणि हातपाय न धुताच चुलीजवळ बसलात. "पूल अजून बांधलाच नाही, अन् कागदावर पुरा उभा हाये," तुम्ही मायला सांगत होता. माय भाकर थापत म्हणाली, "मंग?" "मंग काय? आपली पोरगी शिकन हे. हात हाये तिच्या आंगात." मायनं विचारलं, "पोरीले कोन घेईन तिथं?" तुम्ही चिडलात. "काहून नाही घेनार?" आणि खरंच, गावात ड्राफ्ट्समनचा, म्हणजे नकाशे काढायला शिकवणारा, वर्ग निघाला तेव्हा तुम्ही मला घेऊन गेलात. फॉर्म देणारा कारकून तुमच्याकडे बघत राहिला, माझ्याकडे बघत राहिला, आणि त्यानं फॉर्म दिला. वर्गात मुलगी मी एकटीच.

सकाळी भाजीची बंडी बाजाराला निघायची, तिच्यातच मी. मेथीच्या जुड्यांवर ओलं पोतं, त्यावर कोरडं पोतं, आणि त्यावर माझा ड्रॉइंग बोर्ड. टी-स्क्वेअर, ती रेघा मारायची टीच्या आकाराची लांब पट्टी, मी मांडीवर धरायची. वाटेत कोणी विचारलं, "पाटलाच्या लग्नाचा पाट चालला का?" तर तुम्ही हसून सांगायचे, "नाही, कालेजाचा हाये." कॉलेज कसलं, पत्र्याची लांब खोली होती ती, उन्हाळ्यात घामाचा थेंब शीटवर पडू नये म्हणून आम्ही मनगटाला रुमाल बांधायचो. पण तुम्ही कालेजच म्हणायचे, आणि तुमच्या तोंडून ऐकून मलाही ते कॉलेज वाटायचं.

पहिल्या शीटवर सरांनी मला सगळ्यांदेखत बोलून घेतलं. माझी रेघ पुसट आली म्हणून मी ती पुन्हा गिरवत होते. "गिरवू नको. एकदा गेली ती गेली. आता नवा कागद घे." पोरं हसली. घरी येऊन मी रडले, तुम्हाला सांगितलं नाही. पुढे हात बसला. पेन्सिलचं टोक पॉलिशपेपरवर पातीसारखं चपटं करायचं, टी बोर्डाच्या कडेला घट्ट धरायचा, श्वास रोखून हात डावीकडून उजवीकडे न्यायचा. एकच वस्तू समोरून, वरून आणि बाजूनं काढायची. मग ती मधून कापली तर आत काय दिसेल तेही काढायचं. हे शिकले त्या दिवशी मी बंडीतून घरी येते आहे आणि मला सगळं कापलेलं दिसतं आहे: मंदिराचा कळस, पाण्याची टाकी, बैलाचा खांदा. मी तुम्हाला सांगते, "बाबा, मले आतलं दिसून राह्यलं." तुम्ही म्हणता, "दिसू दे, दिसू दे," आणि कासरा ढिला सोडता.

त्याच दिवाळीत तुम्ही अकोल्याहून कंपासची पेटी आणली. आत निळी मखमल, तिच्यात पितळेची चकाकणारी हत्यारं. पेटीपेक्षा तुमचं बोलणं मला जास्त आठवतं. "दुकानदार म्हने, पोराले पाह्यजे का? मी म्हनलं, पोरीले." हे तुम्ही त्या आठवड्यात भेटेल त्याला सांगितलं. इतकं कोणी माझ्याबद्दल नंतर कधी मिरवलं नाही.

मग माय पडली. चुलीपुढे बसल्याबसल्या ती एका अंगावर कलली, तवा तसाच तापत राहिला. डॉक्टर म्हणाले लकवा आहे, उजवी बाजू गेली. आत्या काही दिवस राहून गेली, तिलाही तिचं घर होतं. धाकटा लहान, शाळेत. मग मायला उचलणं, धुणं, भरवणं माझ्याकडे आलं, कोणी ठरवलं नाही आणि कोणी विचारलंही नाही. माझा वर्ग सुटला. शेवटच्या परीक्षेच्या तोंडावर सर स्वतः सायकलवर मळ्यात आले. बाजेवर बसले, पाणी प्याले आणि म्हणाले, "तिला ड्रॉइंगच्या पेपरपुरती पाठवा. बाकीचं मी बघतो. तिचा हात चांगला आहे हो." तुम्ही मान खाली घालून ऐकलंत. "पाठवतो गुर्जी. मी बसीन तिच्या मायजवळ." हे तुमचे शब्द आहेत, बाबा. मी दाराआड होते.

पेपरच्या सकाळी तुम्ही बंडीला बैल जुंपले. भाजी भरली नव्हती, फक्त बोर्ड आणि मी. मायला मी धुऊनपुसून, पेज पाजून ठेवलं होतं. तुम्ही म्हणालात, "तुले सोडून येतो अन् बसतो तिच्यापाशी." तुम्ही बंडीवर चढलात, मी पाय वर घेतला, आणि आतून माय ओरडली. बोलता तिला येत नव्हतं, नुसता आवाज. आपण दोघंही आत गेलो. अंथरूण पुन्हा भरलं होतं. ती तुमच्याकडे बघून डावा हात हलवत होती, तुम्ही बाहेर जावं म्हणून. तिला तुमची लाज वाटत होती. तुम्ही उंबऱ्यात उभे राहिलात. एवढं मोठं पोतं एका झटक्यात पाठीवर घेणारे तुमचे हात दोन्ही बाजूंना तसेच लटकत होते. मग तुम्ही बाहेर गेलात. मला वाटलं, पाणी आणायला गेलात. मी बाहेर डोकावले तर तुम्ही बैल सोडत होता. सावकाश, एक, मग दुसरा. त्यांना गोठ्यात बांधलंत, खांद्यावर कुदळ घेतलीत आणि मळ्याच्या खालच्या टोकाला निघून गेलात. माझ्याकडे पाहिलं नाहीत. "नको जाऊ" असंही म्हणाला नाहीत. म्हणाला असता तर मी भांडले असते.

मी मायला पुन्हा धुतलं.

पुढल्या वर्षी परीक्षा देऊ, असं त्या घरात कोणी बोललं नाही. मायला पाठीला टेकू लागायचा म्हणून माझा बोर्ड तिच्या मागे तिरपा लावला, तो तुम्हीच लावलात. त्यावर टेकून ती कित्येक वर्षं जगली. मला तिचा राग कधी आला नाही, हे खरं आहे. तुमचा यायचा. तुम्ही जेवायला बसायचे, मी वाढायची, आणि मनात म्हणायची, एक दिवस. एक दिवस तुम्ही बसले असते. पण दिवस जाऊ लागले तसं मला हेही दिसू लागलं की तुम्हाला ते जमणारच नव्हतं, आणि हे दिसल्यावर रागालाही जागा उरली नाही. मग नुसतं काम उरलं.

माय गेली त्या उन्हाळ्यात विहिरीची एक बाजू ढासळली. तुम्ही बोर्ड घासूनपुसून, उन्हात वाळवून माझ्यासमोर ठेवलात. "गवंड्याले दाखवाले विहिरीचा नकाशा काढून देतं का?" तुम्ही इतक्या हळू विचारलंत की मला आधी ऐकूच आलं नाही. मी बसले. टी धरला. रेघ निघाली ती जाड, मध्येच तुटलेली. दुसरी तशीच. अक्षरं काढायला गेले तर ती पोराच्या पाटीवरच्यासारखी वाकडी आली. मी नवा कागद घेतला, पुन्हा नवा घेतला. भांड्यांना राख चोळून चोळून बोटं दगड झाली होती, त्यांना पेन्सिल कळतच नव्हती. तुम्ही शेजारी उकिडवे बसून सगळं पाहत होता. मी म्हटलं, "नाही येत बाबा आता." तुम्ही उठलात. गवंड्यानं तोंडी सांगण्यावर विहीर बांधली. आपण त्यावर पुन्हा बोललो नाही, आणि पुढच्या थंडीत तुम्ही छातीच्या दुखण्यानं गेलात.

धाकटा शिकला, त्याचं बरं झालं. त्याची पोरगी इंजिनिअरिंगला आहे. परवा ती सुटीत घरी आली, लॅपटॉप माझ्या पुढ्यात ठेवून तिनं एक घर काढलं, बोटानं फिरवलं, मधून कापलं आणि आतलं दाखवलं. रेघ चुकली की ती एक बटण दाबते, आणि चुकलेली रेघ कधी नव्हतीच असं होतं. मी बघत राहिले. "आत्या, तुला समजतंय?" तिनं विचारलं. मी म्हटलं, थोडं. मग ती सहज म्हणाली, "आबांनी बाबांना सांगितलं होतं ना, तू पण हे शिकायचीस, पण नापास झालीस म्हणून सोडलंस."

म्हणजे तुम्ही असं सांगितलं होतं. धाकट्याला, आणि बाजारात अजून कोणाकोणाला, कोण जाणे. इतकी वर्षं सगळ्यांना हेच माहीत होतं आणि मला माहीत नव्हतं.

पोरगी माझ्या तोंडाकडे बघत होती. खरं सांगायला तोंड उघडलं होतं मी. पण बाबा, मी तिला हो म्हटलं. तुमची अब्रू राखायला नाही. नापास झालेली पोरगी निदान पेपरला तरी बसलेली असते, म्हणून.