कमिटीचा पहिला बॅले

जालना
ता. ६ जानेवारी १९५८

चि. नंदा हिस द्वारकाआत्याचे अनेक आशीर्वाद.

पत्र आशीर्वादाने सुरू केले असले तरी मी संतापलेली आहे, हे आधीच सांगते. म्हणजे पुढे वाचताना दचकायला नको. राग तुझ्यावर नाही. अजून तरी नाही.

आमच्या मुलींच्या शाळेची कमिटी नाचाचा वर्ग येत्या जूनपासून बंद करायला निघाली आहे. मुख्याध्यापिका असताना हा वर्ग मी भांडून सुरू केला. मला निवृत्त होऊन दोन वर्षे होतात न होतात तोच ही मंडळी तो गुंडाळायला बसली. वर्ग गेला की नाच शिकवणाऱ्या उषाबाईंची नोकरी गेली. तू त्यांना पाहिले आहेस. दोन मुले आणि सासू त्यांच्या एकटीच्या पगारावर आहेत. कारण काय, तर स्नेहसंमेलनात मुली नाचल्या ते कोणा पाहुण्यांना रुचले नाही, आणि त्यांनी ते लालचंद शेटजींच्या कानावर घातले.

कमिटी तुला माहीत आहेच. अध्यक्ष लालचंद शेटजी, कापसाचे जिनिंगवाले. दुसरे बजरंगलाल, कापडवाले. लालचंद बोलले की ते मान हलवतात. तिसरे तुझे वडील, जे माझे सख्खे भाऊ असूनही सभेत डुलक्या घेतात. मी न बोलावता सभेला गेले आणि विचारले, की तुमच्यापैकी कोणी आयुष्यात एक तरी धड नृत्य पाहिले आहे काय. लालचंद म्हणाले, एकदा एका लग्नात हैदराबादची नाचणारी पाहिली होती आणि तेवढे पुरे झाले. यावर मी काय बोलले ते पत्रात लिहिण्यासारखे नाही.

शेवटी असे ठरले. फेब्रुवारीत मुंबईची बॅले मंडळी औरंगाबादला येत आहे. कमिटीने त्यांचा एक खेळ पाहावा आणि मग निकाल द्यावा. एकच, हे लालचंदांनी दोनदा बजावले. मंडळी तीन दिवस तीन निरनिराळे बॅले करणार आहेत. तू मैत्रिणींबरोबर ते तिन्ही पाहिलेस असे दिवाळीत सांगत होतीस. मामांकडे सिकंदराबादला राहून मी कॉन्व्हेंटात शिकले. तिथल्या सिस्टरनी आम्हाला बॅलेचा सारा इतिहास पाठ करून घेतला होता. म्हणजे बॅलेबद्दल मला सगळे ठाऊक आहे, फक्त तो पाहिलेला नाही. तेव्हा ज्याने कधीच पाहिलेला नाही त्याने पहिला कोणता पाहावा, ते कळव. मला एक नाव हवे आहे, व्याख्यान नको.

लोभ आहेच, उत्तराला उशीर झाला तर त्याचा विचार करावा लागेल.

तुझी
द्वारकाआत्या


मुंबई
ता. १२ जानेवारी १९५८

ती. आत्यास नंदाचा कृ. सा. न. वि. वि.

तुझं पत्र ऑफिसात आलं. शेजारची टायपिस्ट विचारत होती की एकटीच का हसतेस. रागावू नकोस, पण लालचंद शेटजी, बजरंगलाल आणि आमचे बाबा एका ओळीत बसून बॅले पाहताहेत, हे दृश्य पाहायला मी तिकीट काढून येईन.

आता तुझा प्रश्न. पहिल्यांदा पाहणाऱ्यानं ओळखीची गोष्ट असलेला पाहावा, असं सगळे म्हणतात. कारण बॅलेत कुणी बोलत नाही, आणि गोष्ट माहीत नसेल तर अर्धा वेळ कोण कुणाचा कोण यातच जातो. त्या हिशेबानं कृष्णाचा बॅले उत्तम. पण माझी मैत्रीण म्हणते की नवख्यानं एकदम नवं काहीतरी पाहावं, म्हणजे गिरणीचा. त्यात माणसंच यंत्रं होतात, चाकं होतात, अंगावर काटा येतो. मला स्वतःला विचारशील तर त्या त्या दिवशीच्या मनावर आहे. संगीत कृष्णाचं चांगलं, कपडे गिरणीचे साधे, आणि तिसरा पिकाचा म्हणून आहे, तोही वाईट नाही. खरं तर तिन्ही पाहावेत.

बाबांचा गुडघा कसा आहे? ते स्वतः कधीच लिहीत नाहीत. तू पाठवलेली जवसाची चटणी संपली आणि मी एकटीनं संपवली नाही.

माझ्यावरची माया या गोंधळलेल्या पत्रामुळे पातळ होऊ देऊ नये.

तुझी
नंदा


जालना
ता. १७ जानेवारी १९५८

चि. नंदा हिस अनेक आशीर्वाद, थोडे हात आखडून.

मी एक नाव मागितले. तू तीन पाठवलीस आणि वर तिन्ही पाहावेत म्हणतेस. दुकानात गिऱ्हाइकाला असे उत्तर दिले असतेस तर बजरंगलालनी तुला पहिल्या दिवशी घरी पाठवले असते.

कृष्णाचा बॅले म्हणजे त्यात रास आलाच. आमच्या मुलींनी रासच केला होता, आणि सगळा गहजब त्यावरूनच झाला. तोच लालचंदांना पुन्हा दाखवू? शिवाय ते जैन, बजरंगलाल कट्टर वैष्णव. येताना दोघे रेल्वेत वाद घालतील आणि नाच बाजूला राहील.

गिरणीच्या बॅलेची मी इथल्या एका मास्तरांकडे चौकशी केली. त्यांनी तो पुण्याला पाहिला आहे. तिसऱ्या प्रवेशात कामगार संप करतात, हे तू मला का कळवले नाहीस? लालचंदांच्या स्वतःच्या जिनिंगमध्ये दिवाळीपासून मजुरांची कुरकुर चालू आहे. त्यांना संप पाहायला मी औरंगाबादला नेऊ? उषाबाईंबरोबर शाळाही बंद होईल.

राहिला पिकाचा. त्याबद्दल तू चार शब्द लिहिलेस, आणि त्यातले दोन 'वाईट नाही' असे आहेत. पुढच्या डाकेने नीट कळव. कोणी कोणाला मिठी मारते काय? पायघोळ कपडे आहेत काय? राजकारण आहे काय? बायकांनी पाहण्यासारखा आहे काय, कारण बजरंगलालची बायको प्रेमबाई मागे लागली आहे आणि ती आली तर मला हवीच आहे. गोष्ट खेड्यातल्या माणसाला कळेल काय? तुझे वडील विळा चुकीच्या हातात धरलेला पाहून तिथेच भांडण काढतील, तेही लक्षात घे.

इथे सगळेच मला सल्ला देतात. शाळेच्या शिपाई सोनूबाईसुद्धा म्हणाल्या की बाई, त्यापेक्षा सर्कस दाखवा. पाहिलेले मात्र कोणीच नाही. ज्यांनी पाहिले आहे त्या तुझ्यासारख्यांना सगळेच आवडते. मी कोणाच्या तोंडाकडे पाहावे?

मायेत उणे नाही, संयमात आहे.

तुझी
द्वारकाआत्या


मुंबई
ता. २३ जानेवारी १९५८

ती. आत्यास कृ. सा. न. वि. वि.

कान पकडते. संपाचं माझ्या डोक्यातच आलं नाही. काल मुद्दाम मंडळीच्या तालमीला जाऊन पिकाचा बॅले पुन्हा पाहिला.

गोष्ट अगदी सोपी. पेरणी होते, पाऊस येतो, ज्वारी उगवते, वाढते, निसवून कणसं धरते. मग टोळधाड येते आणि सगळं खाऊन जाते. शेवटी नवरा-बायको उरलेलं बियाणं घेऊन पुन्हा पेरायला निघतात. ज्वारी म्हणजे बारा मुली, हिरव्या लुगड्यांत, घोट्यापर्यंत. मिठी नाही. नवरा-बायकोसुद्धा हातभर अंतरावरून चालतात. राजकारण बिलकुल नाही. विळा कोण कोणत्या हातात धरतो हे पाहिलं नाही, कारण कापणीच होत नाही.

पहिला भाग जरा सावकाश आहे, पण तो चुकवायचा नाही. रोपं उगवताना पाहिली की त्या मुली आहेत हे आपण विसरतो. टोळांचा प्रवेश जरा जोरात आहे. ते पुरुष आहेत. पण आधीपासून पाहिलं तर काही वाटत नाही.

तेव्हा नाव एकच : पिकाचा. शनिवारी, १५ तारखेला.

या खेपेला एकच नाव दिलं हे ध्यानात ठेवून माझं खातं पुन्हा उघडावं.

तुझी
नंदा


जालना
ता. १७ फेब्रुवारी १९५८

चि. नंदा हिस आशीर्वाद.

झाले ते सांगते. तुझ्याकडे दोष नाही, निदान सगळा नाही.

तुझे वडील, बजरंगलाल, प्रेमबाई, उषाबाई आणि मी असे दुपारच्या गाडीने गेलो. लालचंद आधीच्या दिवशी व्यापाराच्या कामाला औरंगाबादला गेलेले. परस्पर येतो म्हणाले. आम्ही जागेवर बसलो. दिवे मालवले. शेटजींचा पत्ता नाही. मी उठून दारात उभी राहिले, कारण त्यांना पहिला भाग चुकला तर सगळे मुसळ केरात.

ते आले तेव्हा आत ज्वारी कमरेइतकी झाली असावी. मी म्हटले, उशीर झाला. ते शांतपणे म्हणाले, उशीर नाही, मी बराबर वेळेवर आलो आहे. मग समजावून सांगू लागले. म्हणे, कापसाची गाडी ते कधी वरून पाहत नाहीत. वर पांढराशुभ्र कापूस घालायला कोणालाही येते. हात कोपरापर्यंत खुपसून मधली मूठ ओढायची. माल खरा कसा आहे ते तिथे कळते. आम्ही बाईंनी निवडलेली सुरुवात पाहणार नाही, आम्ही मधला नमुना पाहणार. दीड महिना मी कोणता बॅले, कोणता बॅले करत डोके फोडले, आणि या गृहस्थाने तो गाठोड्यातून ओढायचा ठरवला होता.

मी अडवण्याआधी ते आत शिरले. आणि समोर काय, तर आठ दांडगे पुरुष उड्या घेत बारा मुलींवर तुटून पडले आहेत आणि मुली एकेक करून खाली कोसळत आहेत. 'जरा जोरात' या शब्दांचा अर्थ मी तुला भेटीत विचारीन.

शेटजी तसेच मागे वळले आणि व्हरांड्यात येऊन त्यांनी मला हात जोडले. म्हणाले, बाई, निकाल झाला. मी सांगितले की त्या मुली नाहीत, ज्वारी आहे; ते पुरुष नाहीत, टोळ आहेत. ते म्हणाले, ज्वारी आम्ही जन्मभर पाहिली, तिच्या पायांत घुंगरू नसतात. मी पेरणीपासून सगळे सांगायला लागले. ते ऐकत नव्हते, पण मी सोडत नव्हते.

तेवढ्यात तुझे वडील बाहेर आले. डोळे पुसत होते. मी त्यांना लहानपणापासून ओळखते, मला वाटले डुलकी लागून उठले. ते सरळ लालचंदांपुढे जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "शेटजी, त्या पोरी न्हाईत. ती माझी ज्वारी हाये." एवढेच बोलून परत आत गेले.

शुक्रवारी सभा आहे. मला आशा नाही. उषाबाईंनी परतीच्या वाटेत एकही प्रश्न विचारला नाही, हे मला फार लागले.

अधिक लिहायला हात वळत नाही. तुझ्या आठवणीत असू द्यावे.

तुझी
द्वारकाआत्या


हसनाबाद
ता. २३ फेब्रुवारी १९५८

चि. नंदास तुझा बाप भुजंग याचा आशीर्वाद. पत्र लिहायला जल्दी नसते म्हणून तू मला बोलतीस, म्हणून हे लिहून राह्यलो.

सभा झाली. लालचंद शेटजीनं मलाच विचारलं की भुजंगराव, तुम्ही त्या दिवशी काय बोलून गेलते ते पुन्हा सांगा. मंग मी सांगितलं. तू लहान होतीस, तुला आठवणार न्हाई. आपल्या मळ्यात टोळ आल्ते तवा तुझी माय डबडं वाजवत बांधाबांधानं पळाली, तिचा आवाज बसला तरी वाजवतच होती. सांजच्याला उभ्या पिकाच्या नुसत्या काड्या राह्यल्या. त्याच्यावर आम्ही दोघं कधी बोललो न्हाई. ती गेली तरी न्हाई. तिथं त्या पोरी उगवताना पाह्यल्या, वाढताना पाह्यल्या, मंग ते आले. मला बिलकुल राहवलं न्हाई. मी म्हनलो, शेटजी, तुम्ही मधली मूठ पाह्यली, तुमचं बराबर. पण पीक मधून उगवत न्हाई.

बजरंगलालनं मान हलवली. शेटजी बोलायच्या आधी हलवली, हे मी पहिल्यांदाच पाह्यलं. प्रेमबाईनं घरी त्याला चांगलंच घेतलं असंल. वर्ग चालू राहणार. उषाबाई राहणार.

एक गोष्ट हाये, ती अक्कानं तुला लिहिली नसंल. तिनं खेळ पाह्यलाच न्हाई. आधी दारात उभी, मंग शेटजीसंगं व्हरांड्यात. टाळ्या पडल्या तवा ती त्याला पेरणी सांगत होती. येताना मी विचारलं तर म्हणली, चांगला होता.

गुडघा ठीक. बापाची आठवण ठेव, चटणीपुरती नको.

भुजंग


जालना
ता. ५ मार्च १९५८

चि. नंदा हिस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. तुझ्या वडिलांना इतक्या वर्षांनी पत्र लिहायचे सुचले आणि त्यात चहाडी करायची सुचली, हे त्यांच्या स्वभावाला धरूनच आहे.

वर्ग राहिला. मला आनंद झाला पाहिजे आणि तो झालाही, सुमारे एक दिवस. मग ठरावाच्या अटी हातात आल्या. शाळेच्या नाचात पुरुष नकोत, असे लिहिले आहे. मुलींच्या शाळेत पुरुष कुठून येणार? मुलीला कोणी उचलू नये, हेही आहे. आजवर कोणी उचललेली नाही. पुढच्या संमेलनात मुलींनी पिकाचाच नाच करावा, इथपर्यंत तिघांचे एकमत आहे. पीक कोणते यावर भांडण आहे. तुझ्या वडिलांना ज्वारी हवी. लालचंदांना कपाशी हवी; काल ते स्वतः शाळेत येऊन उषाबाईंना बोंड कसे उमलते ते दोन्ही हातांनी करून दाखवत होते, आणि चौथीच्या मुली तोंडावर हात दाबून उभ्या होत्या. प्रेमबाईंचा निरोप आहे की तीळ का नको. बॅले म्हणजे काय ते जालन्यात आता सगळ्यांना कळते. निर्णय देण्यासाठी एक उपसमिती नेमली आहे आणि तिच्यावर मला घातले आहे. मी निवृत्त आहे, हे कोणाला आठवत नाही.

उषाबाई परवा घरी आल्या. परकराला लावायच्या हिरव्या कापडाचे तुकडे दाखवून कोणता रंग घेऊ विचारत बसल्या. मी त्यांनाही सांगितले, की निवडायचे काम आता मला सांगू नका.

तू विचारतेस की मंडळी एप्रिलात मुंबईला पुन्हा तिन्ही बॅले करणार आहेत, मला कोणता आवडेल. नंदा, मला विचारू नकोस. कोणताही चालेल. कृष्ण असो, संप असो, सगळे एकमेकांना मिठ्या मारोत. मी परीक्षा झाल्यावर येते. दोनच तिकिटे काढ, तुझे नि माझे, ओळीच्या अगदी मध्यावरची, म्हणजे कोणी आले तरी मला उठून दाराशी जाता येणार नाही.

भेट होईतो माया अशीच जपून ठेवावी. माझीही इथे जागेवर आहे.

तुझी
द्वारकाआत्या