नमस्कार नियमित चालू आहेत

तीर्थस्वरूप तात्यांस,

गोदूचा साष्टांग नमस्कार. बायकांनी साष्टांग घालू नये हे आईचं मत तुम्हांला ठाऊक आहेच. पण कागदावर घातला तर चालतो, असं तिनंच मागे सांगितलं, म्हणून घातला.

तुम्हांला जाऊन पाच महिने होत आले. गेलेल्या माणसाला पत्र लिहिणं शहाणपणाचं नव्हे, एवढं मला कळतं. तरी लिहिते आहे. बाहेर अजून उजाडलेलं नाही. तुरुंगावरचे टोले ऐकून मी जागी झाले, आणि परसात जायचं सोडून इथे दिव्यापाशी येऊन बसले. परसात जाणं कित्येक आठवडे असंच राहतं आहे. जाग वेळेवर येते हो! त्याबद्दल तक्रारच नाही. सूर्यनमस्कारांसाठी पाय जमिनीला लावायचे म्हटलं की अंग ऐकत नाही. आणि काल आईनं तुमच्याबद्दल असं काही सांगितलं, की ते तुमच्याशी बोलल्याशिवाय मला आज काही सुचणार नाही.

तुम्ही म्हणाल, एवढी कसली अडचण? नाही घातले चार दिवस नमस्कार, तर काय बिघडलं?

बिघडलं आहे, तात्या. तेच आधी सांगते.

या महिन्याच्या सुरुवातीला दवाखान्यात एक बाळंतीण आली. तिसरं मूल. मूल नीट झालं, वार पडली, आणि मग रक्त थांबेना. अशा वेळी पोटावरून गर्भाशय मुठीत धरायचं, आणि ते दगडासारखं घट्ट होईपर्यंत दाब सोडायचा नाही, असं आम्हांला मुंबईस शिकवलेलं. तसं मी धरलं. भर दुपार होती, घाम डोळ्यांत जात होता. थोड्या वेळानं मनगटाला मुंग्या आल्या. मग दंड थरथरायला लागला, आणि मी बघत असताना माझीच बोटं ढिली पडली. तिच्या कमरेखाली रक्ताचा ओलावा पुन्हा पसरलेला मला दिसला. मोठ्या नर्सबाई शेजारी उभ्या होत्या. त्यांनी माझा हात बाजूला सारला आणि स्वतःचा ठेवला. बाई वाचली.

संध्याकाळी डॉक्टरीणबाईंनी मला बोलावलं. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "तुझं काम बरोबर होतं. हात पुरला नाही." आणि तेवढ्यातच पुढचं सांगितलं. कल्याणच्या दवाखान्यात बायकांकडे पाहायला कुणी नाही. मला तिथे पाठवायचं त्यांच्या मनात आहे. "पण तिथे तू एकटी असशील. शेजारी दुसरा हात नाही. विचार करून महिनाअखेर सांग."

आज महिनाअखेर आहे.

तेव्हा नमस्कार मला हौस म्हणून नकोत. दंड आणि मनगट परत कमवायला हवं आहे, आणि मला त्याची एकच रीत येते, ती तुम्ही शिकवलेली. मग उठवत का नाही?

आठवतं तुम्हांला ते कसं सुरू झालं? बाराव्या वर्षी मी विधवा होऊन सासरहून कायमची परत आले. नवऱ्याचा चेहरा धड आठवत नव्हता, पण घरात सगळे माझ्याकडे बघून रडत, म्हणून मी जेवायची थांबले. आई देवाला साकडं घालायची. तुम्ही एका पहाटे पांघरूण ओढलंत आणि म्हणालात, "ऊठ. परसात चल. तुला भूक लागायला पाहिजे." सांत्वनाचं वाक्य नव्हतं ते. औषध होतं, नेमकं. चार-पाच दिवसांनी मी दुसऱ्यांदा भात मागितला, तेव्हा तुम्ही ताटावरून मान वर न करता हसलात. मला दिसलं होतं.

आईनं आपल्या दोघांना विहिरीपाशी पाहिलं त्या दिवशी केवढं रामायण झालं! "हे इकडून काय चाललंय? बाईच्या जातीनं छाती जमिनीला टेकवायची नसते. धरणीला पाप लागतं!" तुम्ही उपरण्यानं तोंड पुसत विचारलंत, "छाती टेकवायची नाही, एवढंच ना? बाकी सगळं चालतं?" आई गडबडली. "बाकीचं... बाकीचं शास्त्रात काही सांगितलेलं नाही." "झालं तर मग. गोदे, टेकवू नको. जमिनीपासून चार बोटं वर धर, आणि मी नाव घेईपर्यंत तशीच राहा."

आणि मग सूर्याचं नाव घ्यायला तुम्ही किती वेळ लावायचात! मुद्दाम घसा खाकरायचात. एकदा तर मधेच, यंदा फणस बरा धरलाय, म्हणून सांगत बसलात. मी हातांवर लटकलेली, दंड जळतायत, आणि तुमचं आपलं फणसाचं चाललेलं! तुमची छाती मात्र खुशाल जमिनीवर. आईच्या शास्त्रापायी माझे दंड तुमच्यापेक्षा बळकट झाले, हे आपल्या दोघांनाही तिला कधी सांगायचं धैर्य झालं नाही.

मग मी मुंबईस सुईणपणाचं शिकायला गेले. लोक काय म्हणाले ते तुम्ही मला कळू दिलं नाहीत, मीही विचारलं नाही. तिथे पहाटे उठणं किती जिवावर यायचं म्हणून सांगू! रात्रपाळी करून आलेल्या मुली आजूबाजूला निजलेल्या, थंड फरशी, आणि मी लुगड्याचा काचा मारून गच्चीवर जायची. पण जायची. कारण तुमचं प्रत्येक पत्र एकाच वाक्यानं संपायचं: ‘नमस्कार नियमित चालू आहेत.’ खुशाली, पाऊसपाणी, कचेरीतल्या साहेबाची बदली, आणि शेवटी ते. मग मला वाटायचं, या घटकेला तात्या तिकडे घरी, नौपाड्यात, विहिरीपाशी वाकले असतील. मी लोळत पडले तर त्यांनी एकट्यानं घालायचे का? हे बरोबर नाही. म्हणून उठायची. एवढं साधं होतं ते.

तुम्ही गेलात. सुतकात नमस्कार बंद, हे ठीकच होतं. सुतक फिटलं, मी दवाखान्यात जायला लागले, जेवले, झोपले, सगळं केलं. नमस्कार तेवढे राहिले. आज नको, उद्या. उद्या नको, सोमवारपासून.

उपाय केले नाहीत असं नाही. तुमची मुलगी आहे, पद्धतशीर केले. रात्री लवकर निजून पाहिलं. काचा मारूनच निजून पाहिलं. रात्रभर टोचला आणि सकाळी मी तशीच. आईला सांगितलं, मला उठव. तिनं दोन हाका मारल्या, "ऊठ गो, ऊठ गो," आणि तिसऱ्या हाकेआधी तीच घोरायला लागली. अंथरूण खिडकीशी नेलं. तर मिठागरावर जाणारी भागी परसामागच्या वाटेनं जाता जाता खिडकीतून ओरडली, "काय गो गोदूबाय, बापूस गेला नि तुजी दंडवतं पन गेली का?" बरोबरच्या बायका हसल्या. भागीचं वाईट वाटून घेऊ नका, तिच्या जिभेला हाड नाही, पण तुम्ही गेलात तेव्हा दारात बसून रडली होती. त्या दिवशी मात्र मी खिडकी लावून घेतली आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

आता कालचं.

दुपारी आई तांदूळ निवडत होती. मी येरझारा घालत होते. ती म्हणाली, "बस की एका जागी. पायांना भिंगरी बांधलीय का?" मी बसले नाही. मी विचारलं, "आई, तात्यांना कधी कंटाळा यायचा नाही का गं? रोज कसे उठायचे ते?"

"कोण उठायचं?"

"तात्या. नमस्काराला."

"रोज कसले!" आई सुपातून वर न बघता म्हणाली. "तू घरी असलीस म्हणजे. तू परसात जाऊन उभी राहायचीस ना, त्याची लाज वाटून उठायचे. आधी अंथरुणात बसून सूर्याला शिव्या द्यायचे. तू मुंबईस गेलीस, आणि दुसऱ्या दिवसापासून पांघरूण डोक्यावर. उन्हं अंगावर यायची तोवर!"

मला वाटलं ती चेष्टा करते आहे. "आणि पत्रात लिहायचे ते?"

"मी म्हटलंसुद्धा, पोरीला खोटं कशाला कळवायचं? तर म्हणाले, असं नाही लिहिलं तर ती उठायची नाही. आणि घरातल्या एकानं घातले म्हणजे पुरे." तिनं एक खडा उचलून लांब फेकला. "एकदा घातला म्हणा. गोदू घालते तसा घालून बघतो म्हणाले, छाती न टेकवता. आपटले नाकावर! नाकाला हळद लावून कचेरीत गेले. कुणी विचारलं तर सांगायचे, मांजर पायात आलं."

आणि आई हसली, तात्या. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा. तांदूळ सांडेपर्यंत हसली, मग पदर तोंडावर घेऊन तशीच बसून राहिली. मी तांदूळ गोळा केले.

तेवढ्यावर थांबलं नाही. मी शिक्षण पुरं करून परत आले तेव्हा तुमचे खांदे आणि मांड्या आखडल्या होत्या, तुम्हांला जिना चढवत नव्हता. आठवतं? मी तुम्हांला तपासलं. सांधे दाबून पाहिले, जीभ पाहिली, आणि नव्या विद्येच्या तोऱ्यात संधिवात ठरवला. निर्गुडीचा कडू काढा दिला. आई म्हणते, मी येणार असं कळल्यावर तुम्ही आठवडाभर आधी लपून नमस्कार घालायला सुरुवात केली होती, त्यानं अंग मोडून पडलं होतं! आणि तुम्ही तो काढा निमूटपणे प्यायलात? रोज? वर मला म्हणालात, "गोदूच्या हाताला गुण आहे." कोणत्या तोंडानं म्हणालात!

रात्री अंथरुणावर पडले तेव्हा मला हसू आलं नाही. राग आला. अजूनही आहे. तुम्ही कुणाशी खोटं बोलत नसायचात, कचेरीत त्यापायी तुमचं नुकसान झालेलं मी पाहिलं आहे. मग माझ्याशीच का? मला खरं कळवलं असतंत तर मी खरोखरच उठले नसते, असं वाटलं तुम्हांला? इतकी कच्ची वाटले मी?

की तुम्ही बरोबर होतात? हे मला ठरवता येत नाही, आणि आता विचारायची सोय नाही. कूस बदलून बदलून अंथरुणाचा चोळामोळा झाला.

पहाटे पहाटे मात्र एक गोष्ट ध्यानात आली, ती तुम्हांला सांगायची आहे. त्या गच्चीवर मी ज्यांच्या सोबतीनं वाकत होते, ते तात्या इकडे गाढ झोपले होते. विहिरीपाशी कुणी नव्हतं. म्हणजे ती सगळी मुंबईतली वर्षं, थंडीत, पावसात, रात्रपाळीनंतर, मी एकटीच उठत होते. मला ते माहीत नव्हतं, एवढाच फरक.

हे मला फारसं आवडलेलं नाही. तात्या होते म्हणून उठत होते, तात्या गेले म्हणून उठवत नाही, असं म्हणण्यात एक प्रकारचं सुख होतं. अंथरुणात पडून राहायला ते चांगलं कारण होतं, आणि तुमच्यावरच्या मायेसारखं दिसायचं. ते तुम्ही काढून घेतलंत. गेल्यावरसुद्धा पांघरूण ओढायचं सोडलं नाहीत!

आज दवाखान्यात गेल्यावर डॉक्टरीणबाईंना होकार सांगणार आहे. आई बरोबर येते म्हणाली. तिची अट एकच, कल्याणला तिला पहाटे उठवायला सांगायचं नाही.

तुम्हांला वचन द्यायचं तर जपून देते, कारण खोटं वचन आपल्या घरात एक झालं तेवढं पुरे. रोज उत्साहानं उठेन, असं म्हणत नाही. उत्साह यायची वाट पाहणं मी आजपासून सोडते आहे. वचन एवढंच: कल्याणला जिचं रक्त थांबत नसेल तिच्या पोटावर माझा हात असेल, आणि थांबेपर्यंत तो ढिला पडणार नाही. तो हात कमवायला पहाटे जे करावं लागेल ते मी करीन, मनात असो वा नसो.

खिडकीबाहेर उजाडायला लागलं आहे. आणखी बरंच लिहिता येईल. पण लिहीत बसणं हेही न उठण्याचंच निमित्त आहे, हे मला कळत नाही असं समजू नका. इथेच थांबते.

तुमची,
गोदू