हात कानाला पुरला म्हणून

मी, झेलिफा न्जोवू, निवृत्त प्राथमिक शिक्षिका आणि नंतर बावीस वर्षं वसतिगृहाची व्यवस्थापिका, राहणार पेटाउके, बसस्थानकामागची वस्ती, वय कागदोपत्री अडुसष्ट, आज पूर्ण शुद्धीवर असताना, कुणाच्या धाकाखाली नसताना आणि न पिता (दारूचा थेंब मी आयुष्यात घेतलेला नाही, हे माझ्या भाच्याने दोनदा वाचावं) हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिते. पोटात गाठ आहे. पाऊस सुरू झालेला मला दिसेल की नाही, हे डॉक्टरांना सांगता आलं नाही. आधी केलेलं कुठलंही मृत्युपत्र नाही.

कलम १. माझं तीन खोल्यांचं विटांचं घर, पत्रे, खिडक्या आणि मागच्या आंब्यासकट, तिलेले हिला द्यावं. ती सज्ञान होईपर्यंत सुईण बेलिता सकाला यांनी तिच्यासह या घरात राहावं. आमच्या रिवाजाप्रमाणे बहिणीचा मुलगा वारस, आणि तिलेले माझी कुणी लागत नाही, असं भाचा लुफेयो न्यायालयात सांगेल. खरं आहे. रक्ताने ती माझी कुणी नाही. तिची आई माझ्यामुळे मेली, म्हणून ती माझी आहे.

कलम २. लुफेयोला सायकल, दोन कुदळी आणि काळी शेळी. माझ्या भावाच्या मयताला प्रेत घरात असतानाच यानं खुर्च्या बाहेर काढल्या होत्या. मी अडवलं तर म्हणाला, "मावशी, मामा आता बसणार आहे का?" माझ्या खुर्च्या मी आधीच चर्चला देऊन टाकल्या आहेत, तेव्हा त्याने धावपळ करू नये. वरच्या वस्तूही त्याला एका अटीवर मिळतील. तो पाट्या रंगवतो. एनेलेसीच्या क्रुसावर 'वय १९' हे त्यानेच रंगवलं, मी सांगितलं म्हणून. ते खोडून तिथे 'वय १७' लिहावं. माझा खड्डा खणण्याआधी लिहावं, आणि रंग पाणी घालून पातळ करू नये.

कलम ३. शेजारीण फालेसी हिच्याकडे माझं उखळ अकरा वर्षं आहे. ते तिलाच राहू दे. मुसळ मात्र माझ्याकडे आहे, ते तिलेलेला. दोघींनी मिळून शेंगदाणे कुटावेत म्हणजे भांडण मिटेल, नाहीतर दोघींनी उपाशी राहावं.

कलम ४. शिलाई मशीन. हे तिलेलेच्या आईचं, एनेलेसीचं. इथे मला थोडं सविस्तर लिहावं लागेल, कारण हे मी आजवर फक्त बेलिताजवळ बोलले आहे.

समुद्रापलीकडच्या एका लहान गावातल्या पाचसहा निवृत्त माणसांनी 'पहिलं पाऊल' ही संस्था काढली. केक आणि जुने कपडे विकून ती माणसं आमच्या पोरक्या मुलांना शिकवतात. प्रमुख एडिथ क्रॉलीबाई दरवर्षी येतात, खाली बसून मुलांबरोबर मक्याच्या पिठाची गरम न्शिमा खातात, हात भाजला तरी चमचा मागत नाहीत. माणसं चांगली आहेत, हे मी लिहून ठेवते. त्यांचा नियम एकच कडक: अठरा वर्षं झाली की मुलाने वसतिगृह सोडायचं. मुलाला सुतारकामाची पेटी, मुलीला मशीन, तीन महिन्यांचं खोलीभाडं आणि फोटो. याला ते स्वावलंबन म्हणतात.

त्यांनी प्रत्येक मुलाची जन्मतारीख मागितली. आमच्याकडे जन्मतारीख कुठून यायची? पहिलीच्या वर्गाच्या दारात मी आयुष्यभर जे केलं तेच केलं. उजवा हात डोक्यावरून टाक, डावा कान धर. बोटं कानाला लागली की मूल सात वर्षांचं. मग मी नोंदवहीत लिहायची, एक जानेवारी आणि वर्ष. माझं स्वतःचं वयही एका मिशनच्या मास्तरांनी असंच काढलं होतं. माझा अंदाज चुकत नाही, असा माझा तोरा होता.

एनेलेसी १९९८च्या जानेवारीत आली. हात लांबसडक, पहिल्या झटक्यात कान धरला आणि हसली. मी सात लिहिलं. पहिलीत दोनदा नापास झाली, तर मी तिला सगळ्यांसमोर मठ्ठ म्हटलं. ती मठ्ठ नव्हती. ती साडेचार वर्षांची होती, सात वर्षांच्या पोरांत बसवलेली.

२००९च्या जानेवारीत नियमाप्रमाणे तिला मशीन मिळालं. नुकतीच नववी पास झाली होती. ट्रंक भरता भरता म्हणाली, "आमाई, मी अठराची नाहीये हो. माझ्याबरोबरच्या सगळ्या कधीच मोठ्या झाल्या, मला आत्ता कुठे नाताळात पाळी आली."

मी म्हटलं, "मग काय कागद खोटं बोलतोय?"

"कागद तुम्हीच लिहिलाय ना, आमाई."

मी तिला उद्धट म्हटलं आणि तिची ट्रंक उचलून दाराबाहेर ठेवली.

बाजारातल्या खोलीत ती शिवायची. घरमालकाने तिच्या एकटेपणाचा फायदा घेतला. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही, तो मेला आहे आणि मला त्याचं दुःख नाही. दिवस गेल्यावर ती माझ्याकडे आली. दवाखान्याच्या कार्डावर वय मीच सांगितलं, एकोणीस. १४ ऑगस्ट २०१०ला बाळंतपणात अडली. मूल वाचलं. ती मोठ्या दवाखान्याची गाडी येण्याआधी आमच्या लहान दवाखान्याच्या अंगणात, चटईवरच गेली. तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं.

बेलिता हात धूत मला म्हणाली, "ताई, हे हाड एकोणीसचं नव्हतं. सोळा-सतरा सांगितलं असतंत तर मी महिनाभर आधीच तिला मोठ्या दवाखान्याच्या आवारातल्या खोपटात नेऊन ठेवली असती. कोवळ्या पोरींना आम्ही इथे बाळंत होऊच देत नाही."

मयताला तिची दूरची आत्या आली. मिठाच्या डब्यात जपलेलं लसीकरणाचं कार्ड घेऊन. जन्म ११ जून १९९३. मी ते तीनदा वाचलं आणि पदराला बांधलं.

मशीन तिलेलेला द्यावं, ती मागेल तेव्हा. कुठल्याही वाढदिवसाला देऊ नये. नको म्हणाली तर देऊच नये.

कलम ५. 'पहिलं पाऊल' संस्थेला माझी जुनी नोंदवही आणि ही कबुली. त्या वर्षीच्या अहवालात मी लिहिलं होतं, एनेलेसी स्वावलंबी होऊन दुसऱ्या गावी गेली. त्यांच्या भिंतीवर तिचा मशीनसह फोटो अजून आहे, असं क्रॉलीबाई सांगतात. तो काढावा, किंवा खाली खरं लिहावं.

त्यानंतर मी कान धरायला लावणं बंद केलं, कार्ड मागू लागले. पण आधीच्या तारखा दुरुस्त केल्या नाहीत. खोटेपणा कळला तर संस्था हात काढून घेईल आणि चाळीस मुलांची ताटं जातील, असं मी स्वतःला सांगत राहिले. थोडं खरं होतं. जास्त खरं हे की मला माझ्या नावाची भीती वाटत होती. त्या तारखांवर मी आणखी अकरा मुलं दाराबाहेर ठेवली, कळत असताना. त्यांची नावं नोंदवहीत लाल पेन्सिलीने अधोरेखित केली आहेत. त्यांना शोधावं आणि ज्याला शिकायचं असेल त्याला परत घ्यावं. मला क्षमा मागायची नाही, ती देणारी गेली.

कलम ६. हे कलम माझ्या मरणाची वाट पाहणार नाही.

कानावर मोजलेल्यांपैकी वसतिगृहात आता एकच उरली आहे, दालित्सो. येत्या एक जानेवारीला तिला बाहेर काढायचं ठरलं आहे. परवा ती मला लापशी घेऊन आली.

मी विचारलं, "मशीन मिळणार म्हणून खूश आहेस का गं?"

"मशीन काय करू, आमाई? मला दहावीत बसायचंय. पण नव्या बाई म्हणतात, अठरा झाली की झालं."

"तुझं खरं वय किती?"

ती हसली. "मला काय ठाऊक? तुम्हीच तर सांगितलंय."

रात्रभर मला तिचं ते हसणं पुरलं. म्हणून मी जाहीर करते की दालित्सोची जन्मतारीख मी मनाने लिहिली, ती खोटी आहे, आणि तिच्या आधारे तिला घराबाहेर काढू नये. तिची काकू सांगते, ज्या वर्षी नदीवरचा पूल वाहून गेला त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात ती झाली. पूल २००३मध्ये गेला. हे पान क्रॉलीबाईंच्या हातात द्यावं, त्या सध्या लुसाकात आहेत. संस्थेने रागाने दार बंद केलं तर तो दोष माझा, मुलांचा नाही, हेही त्यांना वाचून दाखवावं.

मला एनेलेसीच्या पायाशी पुरावं, शेजारी नाही. माझ्या क्रुसावर वय लिहू नये. ते कुणालाच माहीत नाही.

सही: झेलिफा न्जोवू

साक्षीदार: बेलिता सकाला, सुईण
योसेफात न्गोमा, गावप्रमुखांचे कारकून

स्थळ: पेटाउके. दिनांक १४ ऑगस्ट २०१९. आज तिलेले नऊ वर्षांची झाली. हे वय मी अंदाजाने लिहिलेलं नाही. मी तिथे होते.

साक्षीदाराची नोंद: कलम सहाचं पान फाडून मी ताब्यात घेतलं आहे. उद्या पहाटेच्या बसने दालित्सोला बरोबर घेऊन लुसाकाला जाते. ताईंनी विचारलं, "बाई रागावल्या तर?" मी म्हटलं, रागावू द्या. बे. स.