आढ्यावर बसलेला ड्रोन

ती. दादास,

धाकट्याचा नमस्कार. गुडघ्यांमुळे तो अर्ध्यातच थांबला आहे, उरलेला अर्धा पोचला असं समजून घे. तुझी तब्येत कशी आहे? कानाचं यंत्र कानात घालतोस, की अजून उशीखालीच असतं? वहिनींचा खोकला गेला का? लेकीकडे चौथ्या मजल्यावर, डोक्यावर स्लॅब आणि खिडकीतून बघावं तर एकही कौल दिसत नाही, अशा ठिकाणी तुझ्यासारख्या माणसाचा दिवस जातो तरी कसा? इकडे सगळं ठीक आहे. (असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. ठीक काही नाही. पुढे वाच.)

फोन सोडून पत्र का, तर तुझा फोन लेक उचलते, लेक काकूला सांगते, आणि माझी बाजू तुझ्या कानावर पडायच्या आत माझा निकाल लागलेला असतो. या घरात हिच्यापुढे चालतो तो फक्त तुझा शब्द. माझं म्हणणं ती ऐकून घेते, तुझं मानते. आणि आता वेळ अशी आली आहे की येत्या रविवारी तो कोपऱ्यावरचा रंगारी, जो उन्हाळ्यापासून हिच्याकडे माझी शिडी विकत मागतोय, तो येऊन ती घेऊन जाणार आहे. तीच, तू मला कौलं शाकारायच्या कामाला लावलंस तेव्हा आपण दोघांनी खांद्यावरून आणली होती ती. ती दारातून गेली की माझा धंदाही गेला, मग मी दिवसभर खुर्चीत बसून हिला भाजी कशी चिरावी ते सांगणार. तेव्हा सगळं नीट वाच आणि मगच कोणाचं चुकलं ते ठरव.

तुला माहीतच आहे, उन्हाळ्यात मला वर असताना चक्कर आली. (पडलो नाही. बसलो. लोक उगाच पडलो म्हणतात.) डॉक्टरांनी तपासलं, कानात बॅटरी मारून पाहिलं आणि पाय जमिनीवर ठेवा म्हणाले. ते त्यांनी मला सांगितलं असतं तर मी घरी येईपर्यंत विसरलोही असतो, पण हिला सांगितलं. हिनं मला शपथ घातली, तूही फोनवर ओरडून तीच घातलीस, आणि मी कानाला खडा लावला. पण दादा, कामं काही शपथेनं थांबत नाहीत. तो पुस्तकबांधणीवाला रोज दारात. त्याच्या कारखान्याच्या भिंतीकडेला छत गळत होतं, नेमकं छापील कागदांच्या थप्प्यांवर. मी जाऊन बघितलं. खळीचा डबा, दाबयंत्र, शिवायचे दोरे आणि मध्ये मध्ये पाच बादल्या, त्यातून माणूस लंगडी घातल्यासारखा फिरत होता. खालून कौलं बघून मला काही कळेना. वर जाता येत नाही आणि खालून दिसत नाही, असा मी अडकलो. तेव्हा माझ्या डोक्यात ड्रोन आला.

दुकानात गेलो. विक्रेत्यानं विचारलं, नातवंडांसाठी का? म्हटलं, गुडघ्यांसाठी. त्यानं आधी एक भलामोठा दाखवला, घारीएवढा, डोंगर ओलांडेल म्हणाला. मी म्हटलं, मला डोंगर नको, पन्हळ ओलांडली तरी पुरे. शेवटी शिकाऊ माणसाचा घेतला. तळहातावर मावतो, पंख्यांना कडी आहेत म्हणजे कुणाचं बोट कापणार नाही, पोटाखाली कॅमेरा, आणि तो जे बघतो ते आपल्या मोबाईलवर दिसतं. सोबत माहितीपुस्तक. तुझा भाऊ आयुष्यात पहिल्यांदा एखादं पुस्तक शेवटच्या पानापर्यंत वाचता झाला. रीतसर नोंदणी केली, नकाशावर आपला भाग उडवायला मोकळा आहे ना ते पाहिलं. माणसांच्या डोक्यावरून न्यायचा नाही, नजरेआड जाऊ द्यायचा नाही, वारा असेल तर काढायचाच नाही, बॅटरी निम्म्यावर आली की परत बोलवायचा, हे सगळं मी वहीत उतरवून काढलं. शिवाय एक कलम असं होतं की उडवणाऱ्याची नजर मोबाईलवर असते, म्हणून शेजारी दुसऱ्या माणसानं उभं राहून आभाळाकडे बघत राहावं. दुसरं माणूस आपल्या घरात कोण आहे ते तुला ठाऊक आहे.

मग रोज सकाळी आम्ही दोघं शाळेमागच्या रिकाम्या मैदानात. माझ्या हातात रिमोट, हिच्या डोक्यावर टोपी. पहिले दोन दिवस नुसतं वर नेणं आणि खाली आणणं. मी सवयीनं त्याच्याशी बोलायचो, जरा डावीकडे घे, वाशावर पाय ठेव, कौलावर भार देऊ नकोस. (रिमोट तोंडी चालत नाही हे मला माहीत आहे. पण तू तरी मला वर चढवून गप्प बसायचास का?) तिसऱ्या दिवशी ड्रोन थेट माझ्या अंगावर यायला लागला. मी डावीकडे ढकलतोय, तो उजवीकडे जातोय. ही शांतपणे म्हणाली, अहो, त्याचं तोंड आपल्याकडे आहे, त्याचा डावा हात तो आपला उजवा. बरोबर होतं. पुस्तकात हे अकराव्या पानावर आहे, हिनं पुस्तक उघडलंही नव्हतं. असे बारा दिवस आम्ही घासून सराव केला, रुमाल उंच धरून वारा बघितला, आणि तेराव्या दिवशी हिनं मान डोलावली.

पण कारखान्याच्या शेजारी निवृत्त मुख्याध्यापिकाबाई राहतात. कॅमेरा म्हणजे लोकांच्या घरात डोकावणं नव्हे हे आपल्याला माहीत असलं तरी त्यांना कसं कळावं? म्हणून मी आधी गल्लीत चिठ्ठ्या वाटल्या, की उद्या सकाळी साडेनऊ ते दहा छपराची पाहणी आहे, कॅमेरा फक्त कौलांकडे असेल, हरकत असल्यास कळवावे. बाईंनी चिठ्ठी लाल शाईनं तपासून परत दिली. तीन चुका, खाली सही, आणि "हरकत नाही, पण अक्षर सुधारा" असा शेरा. बाकी गल्लीनं हरकत सोडाच, दुसऱ्या दिवशी आंघोळी उरकून, केस विंचरून, दारात उभं राहून वर बघितलं. त्या सगळ्यांना आत घालायला बांधणीवाल्याची दहा मिनिटं गेली, कारण लोक खाली असताना उडवायचा नाही हा नियम.

आता मुद्द्यावर येतो. वारा नव्हता. बॅटरी भरलेली. ही आभाळाकडे बघत उभी. ड्रोन असा सरळ वर गेला की माझीच छाती फुगली. कौलं दिसायला लागली, एकेक रांग, शेवाळासकट. आणि दादा, इथे चूक झाली, पण ती माझी एकट्याची नाही. मी पहिल्यांदा वर चढलो त्या दिवशी तू काय सांगितलं होतंस? वर पोचलास की आधी आढ्यावर बूड टेक, श्वास घे, मगच बघायला लाग. चाळीस वर्षं मी तेच केलं. माझ्या हाताला दुसरं काही माहीतच नाही. ड्रोन आढ्याजवळ पोचला आणि मी त्याला आढ्यावर बसवला. श्वास घे म्हणून.

पुस्तकात स्पष्ट लिहिलं होतं, सपाट जागेवरच उतरवा. उतरला की पंखे थांबतात हेही लिहिलं होतं. पंखे थांबले. ड्रोन क्षणभर बसला, मग डावीकडे कलला (त्याचा डावा), आणि कौलांवरून घसरत घसरत खाली येऊन वळचणीच्या पन्हळीत जाऊन पडला. गल्लीनं खिडक्यांतून एकदम "अरेरे" केलं. पण मोबाईलवर चित्र चालूच होतं, आणि गंमत बघ, पन्हळीत उताणा पडल्यामुळे कॅमेरा नेमका कडेच्या कौलांच्या खालच्या ओठाकडे बघत होता. तिथे दोन कौलांना केसाएवढ्या भेगा! वरून कधीच दिसल्या नसत्या. तू असतास तर तुलाही दिसल्या नसत्या. मी नाचायचाच बाकी होतो.

नाचलो नाही, कारण ढग यायला लागले होते, पन्हळीत बॅटरी भिजू द्यायची नाही हे पुस्तकात ठळक अक्षरांत होतं, आणि बांधणीवाल्याचं पोट असं आहे की त्याला शिडीवर चढवलं असतं तर आधी शिडीच गेली असती. शिडी तिथे होतीच. (शिडी सोबत का नेली असं तू विचारशील. सवयीनं नेली. छत्री नेतात तशी.) मग काय, चढलो. शपथ मोडली. तुझी आणि हिची, दोन्ही एकदम. फक्त वळचणीपर्यंत, आढ्याकडे बघितलंही नाही. ड्रोन काढून पिशवीत टाकला, दोन्ही कौलं तिथल्या तिथे बदलली (बांधणीवाल्याकडे जास्तीची पडून होती), आणि खाली उतरलो. नऊ मिनिटं लागली. चक्कर आली नाही. उलट इतकं मोकळं वाटलं म्हणून सांगू, वरून सगळं गाव दिसतं, गच्च्यांवरचे वाळत घातलेले कपडे, नदीचं वळण, शाळेचं मैदान, इतकं सुंदर की बघतच राहावं. ही खाली शिडी धरून नऊ मिनिटं उभी होती.

कारखाना आता कोरडा आहे, बादल्या गेल्या. पण घरी आल्यावर हिनं हात धुतले आणि सरळ रंगाऱ्याला फोन लावला. मी बाहेरच्या खोलीत होतो, "शिडी" आणि "रविवार" एवढंच ऐकू आलं. तेव्हापासून विचारायची हिंमत झालेली नाही. ती नुसती स्वतःशी हसते, ते तर जास्तच वाईट. तेव्हा तू मोठा आहेस, रागावायचं ते रागाव, पण विचार कर. वहिनींना नमस्कार, लेकीला आशीर्वाद.

तुझा,
जमिनीवरचा धाकटा

ता. क. रविवारच्या आत हिला चार ओळी लिही. शिडी विकू नये असा तुझा शब्द आहे, एवढंच लिही. मी फक्त ड्रोन उडवेन, चढायला दुसरं माणूस लावेन. कारण काही देऊ नकोस, तू कारणं दिलीस की ती वाद घालते.

ता. क. दुसरा. ड्रोनला काही झालं नाही. एक कडं वाकलं होतं, ते मी चिमट्यानं सरळ केलं.

ता. क. तिसरा, आणि हे अक्षर माझं आहे. भावोजी, नमस्कार. पत्र टपालात टाकायला माझ्याकडे दिलं, पाकीट उघडंच होतं, म्हणून वाचलं. सगळं खरं आहे, एक गोष्ट सोडून. शिडीवर हे चढले नाहीत. मी चढले. बायकोला वर पाठवलं म्हणून तुम्ही यांची सालटी काढाल, या भीतीनं यांनी शपथ मोडल्याचं स्वतःवर घेतलं आहे. यांनी पाठवलं नव्हतं, पुस्तक चाळत बसले होते तोवर मी पदर खोचून निम्म्यावर पोचले होते. कौलं कशी सरकवायची ते खालून सांगितलं, ते मात्र अगदी तुमच्यासारखं ओरडून. गाव सुंदर दिसतं हे मीच वरून म्हटलं होतं. चाळीस वर्षं रोज वर जात होते, घरी येऊन एकदाही सांगितलं नाही.

रंगाऱ्याला मी येऊ नको म्हणून फोन केला. शिडी कुठे जात नाही. यांना इतक्यात सांगू नका, चार दिवस गुणी वागताहेत. ते उडवतील, बघतील, मी वळचणीपर्यंत चढेन, वरचं काम असेल तर माणूस लावू, असं मी ठरवलं आहे. तुमचे छपरावरचे जुने बूट पडून असतील तर तेवढे पाठवून द्या. मोठे होतील, पण मी दोन मोजे घालीन.

आणि भावोजी, यांच्यावर रागावू नका. त्या नऊ मिनिटांत शिडी धरून खाली हेच उभे होते. मी उतरले तेव्हा यांची बोटं शिडीवरून एकेक करून मला सोडवावी लागली. घरी येताना वाटेत मला विचारलं, मी वर असायचो तेव्हा तू घरी रोज अशीच उभी राहायचीस?