शेजारच्या रांगा

प्रिय मुंगीबाई,

रागात असशीलच. तरी पाकीट फाडून टाकू नकोस. आधी वाच, मग काय ते कर. तू गेल्यापासून प्रयोगशाळेतला साखरेचा डबा भरलेलाच असतो, आणि चिडवायला कुणी नाही म्हणून मी उगाच सगळ्यांवर खेकसत असते. तुझ्या आईंचा फोन आला होता. तू औषधांच्या दुकानात लागलीस आणि सूक्ष्मदर्शकाला पुन्हा हात लावणार नाही म्हणतेस, असं त्या म्हणाल्या.

तुझं ते यीस्ट! उपाशी ठेवलं की आपलाच डीएनए जागोजागी तोडायचं, एका पालकाकडचा तुटका धागा दुसऱ्याकडच्या धाग्याच्या आधाराने सांधायचं, त्यात दोघांची थोडी अदलाबदल करायचं, आणि शेवटी एका पिशवीत चार बीजाणू. तुझ्या वाणातलं एक जनुक आपण काढून टाकलं होतं. काचेच्या सुईने तू चारही बीजाणू सुटे करून रांगेत मांडायचीस, आणि उगवायचा जेमतेम एखादा. मी भर बैठकीत म्हटलं, हिचा हात थरथरतो, बीजाणू चिरडते ही. सगळे हसले. तू मान खाली घालून प्लेट्स आवरत राहिलीस.

गेल्या आठवड्यात तेच काम मी माझ्या नावाजलेल्या हाताने केलं. तीच गत! मग फ्रीजमधून तुझ्या प्लेट्स काढल्या. प्रत्येकीत शेजारीच जनुक शाबूत असलेल्या यीस्टच्या रांगा होत्या, तुझ्याच हातच्या. चारच्या चार उगवलेले, टपोरे. हात थरथरत असता तर तेही मेले असते. इतकं साधं, आणि मी त्या रांगांकडे ढुंकूनही बघितलं नव्हतं. जनुक काढलेला वाण डीएनए तोडत होता, पण सांधू शकत नव्हता, म्हणून त्याचे बीजाणू मरत होते. तुझ्या हाताचा काही दोष नव्हता गं.

काल आपल्या सरांना हे दाखवलं. ते हरखले, मला म्हणाले, “हा शोध तुझाच.” आणि मी तुझं नावही काढलं नाही. वर हसून थँक यू म्हणाले. माझी मलाच किळस येतेय.

उद्या याचा शोधनिबंध माझ्या एकटीच्या नावाने छापायला जाईल. आज सरांना खरं सांगायचं ठरवलंय, पण माझा माझ्यावर भरवसा नाही. आयत्या वेळी शेपूट घालीन. म्हणून तुला लिहिलं. हे टपालपेटीत टाकूनच त्यांच्या खोलीत जाणार आहे. एकदा तुला कळलं की मला गप्प बसायची सोय राहणार नाही.

तुझीच, लाज वाटत असूनही स्वतःला तुझी म्हणवणारी,
ताई