जोड ओढून पाहू नये

२१ सप्टेंबर, रविवार
उत्तरा भावाकडे ठाण्याला गेली. टेंभी नाक्याच्या देवीचं निमित्त. खरं कारण तिचा कुकर. त्यात मी पॉलिमर शिजवला. यात आता वरण कसं लावू, म्हणाली. मी विचारलं, शोध मोठा की वरण? तर बायकोने बॅग भरली. बरं झालं. शांतता हवीच होती.

२२ सप्टेंबर
रबर कंपनीत पट्ट्या ताणून तोडण्यात जन्म गेला. आता स्वतःची पट्टी. भरपूर ताणेल, कापली तर आपोआप जुळेल. साहित्य: सुताराचा पांढरा गोंद, कॅरमची पावडर. दसऱ्याला उद्घाटन.
उत्तराला फोन करणार नाही. जुळायचं ते आपोआप जुळतं.

२४ सप्टेंबर
पट्टी कापली. तुकडे दोन बशांत ठेवले. जुळले नाहीत. डोंबिवलीची हवा, दुसरं काय! तिचाही फोन नाही. ठाण्यात रेंज नसेल.

२७ सप्टेंबर
लॅबमधल्या जुन्या सोबत्याला, विनीतला, फोन. तो हसला. म्हणाला, टोकं एकमेकांना टेकवल्याशिवाय जुळतील कशी? आणि टेकवली की दिवसभर हात लावू नका. मला माहीत होतंच. केलं नव्हतं इतकंच.
टेकवली. चहा उकळायच्या आतच ओढून पाहिली. तुटली. टेस्टिंगवाल्याचा हात, राहवत नाही.

३० सप्टेंबर
उत्तराचा नंबर काढला. म्हटलं, मीच का? फोन ठेवला. एकट्यापुरता भात लावता येत नाही, रोज उरतो. करमत नाही. गोंदाच्या वासामुळे असेल.

२ ऑक्टोबर, दसरा
उत्तराचाच फोन! जेवलात का, विचारलं. आवाज मऊ. शनिवारी येते म्हणाली. तिथेच थांबायला हवं होतं. पण जोड पक्का झालाय का, बघायला नको? विचारलं, म्हणजे चूक तुझीच होती ना? मग म्हणाली, वहिनीला मदत लागतेय, दिवाळीनंतर बघू.
मटेरियल कच्चं होतं.

४ ऑक्टोबर, शनिवार
कुकर चिंच लावून घासला. वास गेला. तेवढंच सांगायला तिला फोन केला. उचलला नाही. कामात असेल.
नवी पट्टी टेकवून फडताळात ठेवली. या वेळी हात लावणार नाही.

संध्याकाळी
एकदाच ओढून पाहिली.