निखिलच्या खोलीतले आठ फूट

४ नोव्हें., मंगळ.
गुडघ्यांचा एक्स-रे पाहून डॉक्टरांनी चालणं, जिने सगळं बंद केलं. शुगर तर उतरायलाच हवी म्हणे. फिजिओने रोइंग मशीनवर बसवलं. बसल्याजागी वल्हं मारल्यासारखं ओढायचं, पाय सरळ करायचे. वीस मिनिटं केलं, गुडघा काही बोलला नाही! छान घाम आला, कित्येक वर्षांनी. घरी घ्यायचंच. मोहन म्हणाला, "चला, टॉवेल वाळत घालायची सोय झाली." माझ्या नवऱ्याला एवढंच सुचतं.

९ रवि.
घाटकोपरचं दुकान. मशीन माझं, गुडघे माझे, आणि सेल्समन सगळं मोहनला समजावतोय. "सर, मॅडमसाठी हे छोटं मॉडेल घ्या. फोल्ड होतं, सोफ्यामागे जातं." बसून पाहिलं. पाय अर्धेच लांब होतात. माझी उंची पाच फूट सात. या उंचीपायी लग्नाआधी तीन स्थळं गेली, आता मशीनही नाही म्हणतंय. मोठं मागितलं. लांबी आठ फूट, घडी होत नाही. पाय पूर्ण सरळ, एकदम झकास.
"लेडीज लोग ये नहीं लेते."
"मी घेतेय ना!"
मोहन तेवढा वेळ मोबाइलमध्ये.

११ मंगळ.
हॉलमध्ये वर्तमानपत्रं अंथरून आठ फूट मोजले. थेट दारात. आमच्या बेडरूममध्ये ठेवलं तर कपाट उघडत नाही. राहिली निखिलची खोली. त्याचा पलंग काढला की आरामात बसतं. मोहनला सांगितलं तर चेहरा असा, की मी पोरालाच घराबाहेर काढतेय.
"तो आला तर झोपेल कुठे?"
"हॉलमध्ये. मी झोपते तिथे."
त्याने टीव्ही लावला.

१२ बुध.
राग जात नाही. मोहनच्या घोरण्यामुळे मी हॉलमधल्या दिवाणावर झोपायला लागले त्याला सात वर्षं झाली. निखिल नोकरीसाठी बंगळुरूला गेला त्याला चार. म्हणजे चार वर्षं घरात एक पलंग रिकामा. त्याची चादर मी झटकते, उशीचे अभ्रे मी धुते, आणि झोपते दिवाणावर, पाय बाहेर काढून. मोहन एकदा तरी म्हणाला का, तिथे झोप? बरं, मी तरी कुठे म्हटलं? कोणी अडवलं होतं? स्वतःचाच जास्त संताप येतोय. मूर्ख बाई.

१५ शनि.
मशीन बुक केलं, मोठंच. येत्या शनिवारी संध्याकाळी येईल. पलंग तिसऱ्या मजल्यावरच्या शिरोडकरबाईंना हवाय, त्यांच्या आईसाठी. त्या शनिवारी सकाळी दहाला माणसं घेऊन येतील.
मग निखिलला फोन.
"माझा बेड? अगं आई, विचारायचं तरी ना!"
"विचारतेय."
"थांब जरा. मी येऊन बघतो."
"कधी?"
"बघतो ना यार."
दिवाळीलाही हेच 'बघतो' होतं.

१८ मंगळ.
निखिलचा फोन. मला नाही, बाबांना. शुक्रवारी येतोय, तिकीट काढलं. मोहन खुशीत. "बघ, पोराचा केवढा जीव आहे त्या खोलीत!"
डोकंच फिरलं. दिवाळीला सुट्टी नव्हती. माझा एक्स-रे पाठवला, त्यावर अंगठा आला. पलंग म्हटल्यावर सुट्टी मिळाली! ओट्यापाशी उभी राहून रडले. आणि तरी तो येतोय म्हणून आनंद झालाय, हे तर आणखीच चीड आणणारं. शुक्रवारी मी ऑफिसात रजा टाकलीय. सुरमई आणेन.
शिरोडकरबाईंनी लिफ्टमध्ये विचारलं, "शनिवारी दहाला नक्की ना हो?"
"नक्की," म्हटलं.
मोहनला वाटतंय, आता सगळं रद्द. मी काही बोललेले नाही. निखिललाही नाही. शुक्रवारी झोपू दे त्याला त्याच्या पलंगावर. शनिवारी दहाच्या आत तो कधी उठत नाही.